तबल्यावरून कोडिंगकडे: मला सतत येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेली तीन वर्षं आठवड्याला एखादा तरी मेसेज येतोच. कुणी गायक असतो, कुणी कीबोर्डवाला, कुणी ढोलकीवाला, एकदा तर एक सनईवाले काका होते. प्रश्न तेच ते. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून दमलो म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय. मी कुठला क्लास चालवत नाही, नोकरी लावून देत नाही, आणि खाली जे आहे ते पुण्यात राहणाऱ्या एका साथीदाराच्या अनुभवातून आलेलं आहे, त्यामुळे मुंबईत स्टुडिओचं काम करणाऱ्यांनी आपापला हिशेब लावून घ्यावा.

१. तुम्ही नक्की काय करत होतात आणि सोडलंत का?

मी मूळचा मिरजेचा, तबल्यात विशारद. २००९ ला पुण्यात आलो आणि अकरा वर्षं साथ केली. भावगीतं, दिवाळी पहाट, आषाढीच्या आधीचे अभंगांचे कार्यक्रम, कथकच्या क्लासला ठेका धरणं, अधूनमधून ऑर्केस्ट्रा, शिवाय घरी शिकवण्या. सोलो वगैरे माझ्या वाट्याला कधी आलं नाही. 'बरा साथीदार आहे, वेळेवर येतो' एवढीच ओळख, आणि मला ती आवडायची.

मार्च २०२० ला सगळं बंद झालं. नाट्यगृहं नोव्हेंबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडली, २०२१ च्या उन्हाळ्याआधी परत बंद झाली, मग थेट २२ ऑक्टोबर २०२१. पण लॉकडाऊनमुळे सोडलं असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. त्याच्या आधीच चार-पाच वर्षं बिदागी हललेली नव्हती, आणि जिथे पूर्वी तबला-ढोलकी-साइड रिदम असे तिघं बसायचे तिथे ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालयंत्र घेऊन एकच जण बसायला लागला होता. लॉकडाऊनमध्ये एका मित्राच्या मेडिकलच्या दुकानात स्टॉकचा हिशेब बघायला बसायचो, तिथे एक्सेलचे फॉर्म्युले लिहिता लिहिता हे सगळं सुरू झालं. ऑक्टोबर २०२२ ला पहिली नोकरी लागली तेव्हा मी ३५ चा होतो.

२. स्ट्रगल तर सगळेच करतात, मग 'आता बास' हे ओळखायचं कसं?

मनाला विचारू नका, डायरीला विचारा. कार्यक्रम लिहून ठेवायची डायरी प्रत्येकाकडे असते. मागच्या २४ महिन्यांची सगळी बिदागी मांडा. त्यातून रिक्षा, एसटी, तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलण्याचा खर्च, कुर्ते, बाहेरचं जेवण हे सगळं वजा करा आणि २४ ने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा पगार. मी हे केलं त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझ्या डोक्यात दिवाळीच्या महिन्याचा आकडा बसला होता आणि मी वर्षभर त्याच आकड्यावर जगतोय असं समजत होतो.

मग अजून एक बघा, की तुम्हाला बोलावणारी माणसं किती. माझी ८० टक्के कामं तीन आयोजकांकडून येत होती. त्यातल्या एकाने स्वतःच्या भाच्याला तबल्यावर बसवायला सुरुवात केली आणि माझं वर्ष गडगडलं. त्याच्यावर राग नाही, भाचा बरा वाजवतो.

'हल्ली मन लागत नाही' हे मात्र सोडायचं कारण धरू नका. पितृपक्षात कुणाचंच मन लागत नाही.

३. माझं वय ३४ आहे, उशीर झाला का?

एका दरवाजासाठी हो. मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजातून जी घाऊक भरती करतात, तिथे दहावी-बारावी-पदवीला ६० टक्के, पास होऊन एक-दोनच वर्षं, शिक्षणात मोठी गॅप नको, अशा अटी असतात. त्या रांगेत उभं राहून वेळ घालवू नका. आपले दरवाजे म्हणजे लहान कंपन्या, ओळखीतून आलेलं काम, कुणाच्या तरी व्यवसायाचं छोटं सॉफ्टवेअर. तिथे वय विचारतात पण त्यावर अडत नाहीत.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. माझी टीम लीड २६ वर्षांची होती. पहिल्या महिन्यात तिने माझ्या कोडवर सतरा कमेंट टाकल्या आणि मी घरी येऊन बायकोला म्हणालो, की मी ज्या वयाच्या पोरांना 'पुन्हा, पहिल्यापासून' म्हणायचो त्या वयाची पोर आज मला म्हणतेय. बायको हसली. मला हसायला दोन महिने लागले.

४. गणित कच्चं आहे, आर्ट्सचा आहे, इंग्रजीची बोंब आहे. जमेल का?

वेबसाइटचं आणि धंद्याच्या हिशेबाचं जे काम असतं त्याला आठवीपर्यंतचं गणित पुरतं, फक्त ते न घाबरता करता आलं पाहिजे. डेटा सायन्स किंवा ऑडिओचं (प्रश्न १४) म्हणत असाल तर मग गणित लागतंच, तिथे पळवाट नाही.

इंग्रजीचं असं आहे, की बोलायला हळूहळू येतं पण वाचायला पहिल्या दिवसापासून लागतं, कारण एरर मेसेज इंग्रजीत येतो आणि नव्वद टक्के वेळा उत्तर त्या मेसेजातच लिहिलेलं असतं. मी एक दोनशे पानी वही केली होती, एरर जसाच्या तसा लिहायचो आणि खाली मराठीत 'म्हणजे काय'. बोल लिहून घ्यायची सवय होतीच. ती वही अजून आहे, पहिल्या पानावर 'कंस बंद केला नाहीस' असं चार वेळा लिहिलंय.

५. संगीत येत असेल तर प्रोग्रामिंग सोपं जातं म्हणतात, खरं का?

थोडं खरं, बरंचसं मनाची समजूत. मंजुल भार्गव तबला वाजवतात आणि त्यांना २०१४ ला गणितातलं फील्ड्स मेडल मिळालं, हे मला निदान पन्नास जणांनी फॉरवर्ड केलंय. ते मुळातच गणिती आहेत. आपण तबला वाजवतो म्हणून आपल्याला गणित येईल असं काही नाही.

पण एक गंमत सांगतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून तीन आठवडे झाले होते, बेरीज-वजाबाकीच्या उदाहरणांचा कंटाळा आला म्हणून म्हटलं तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणं, ती शोधणारा प्रोग्राम लिहू. तीनताल, सोळा मात्रा, समेवरून उचलायची आणि तिसरा धा पुढच्या समेवर. बोल किती मात्रांचा आणि मधली विश्रांती किती, एवढंच संगणकाने सांगायचं. तीनदा बोल, दोनदा विश्रांती, बेरीज सोळा. दोन लूप (तेच काम फिरून फिरून करणं), एक इफ (अट). चालवला. उत्तरं आली: दोन मात्रांचा बोल पाचची विश्रांती, आणि चार मात्रांचा बोल दोनची विश्रांती. टाळी धरून म्हणून बघितलं, आणि शेवटचा धा सोळाव्या मात्रेवर! समेच्या एक मात्रा आधी. कुठल्याही तबलजीला ते ऐकूनच कसंतरी होतं. मग लक्षात आलं की पुढची सम म्हणजे सतरावी मात्रा, म्हणजे बेरीज सतरा पाहिजे.

सतरा केलं. आता वेगळी दोन उत्तरं आली, एक मात्रेचा बोल सातची विश्रांती, आणि तीनचा बोल चारची विश्रांती. दोन्ही बरोबर. पण 'तिट कत गदि गन धा' ही पाच मात्रांची, मध्ये एक मात्रा सोडायची, ती तर मी लहानपणापासून वाजवतोय, ती कुठे गेली? अर्धा तास डोकं खाजवलं. मी बोलासाठी रेंज एक ते पाच लिहिली होती आणि पायथनच्या रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. म्हणजे चारपर्यंतच मोजत होतं. सहा केलं आणि ती तिहाई स्क्रीनवर आली.

एकाच्या फरकाच्या या चुका प्रोग्रामिंगमध्ये आयुष्यभर सोबत असतात. आपल्याला एक मात्रा चुकलेली बोचते, हा फायदा खरा. दुसरा फायदा म्हणजे एकच गोष्ट कंटाळा न येता दोनशे वेळा करणं. बाकी नाव, ओळख, 'अमुकांबरोबर वाजवलंय' याचा काडीचा उपयोग नाही.

६. कुठली लँग्वेज आधी शिकू?

या प्रश्नावर लोक दोन-दोन महिने घालवतात. स्क्रीनवर काहीतरी दिसलं की हुरूप येतो असा स्वभाव असेल तर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. हिशेब, याद्या, डेटा आवडत असेल तर पायथन. दोन्हीकडे एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) लागणारच. जावा पुण्या-मुंबईत भरपूर चालतं पण पहिलीच भाषा म्हणून मला जड गेलं असतं. काय घ्याल ते वर्षभर सोडू नका. तबल्यातला कायदा (पायाची रचना) हाताला बसायच्या आत रेला (वेगाची रचना) शिकायला जाणारी मुलं आपण बघितलीत की.

७. क्लास लावू की फुकटचं शिकू?

आधी तीन महिने फुकट. फ्रीकोडकॅम्प, द ओडिन प्रोजेक्ट, हार्वर्डचं सीएस५०, आपल्या आयआयटींचं एनपीटीईएल, हे सगळं फुकट आहे आणि कुठल्याही गल्लीतल्या क्लासपेक्षा चांगलं आहे. एनपीटीईएलला परीक्षा द्यायची असेल तरच फी. तीन महिने रोज बसणं जमलं तर पुढचा विचार करा, नाही जमलं तर लाखभर रुपये वाचले समजा. फक्त एक लक्षात ठेवा, व्हिडिओ बघणं म्हणजे मैफल ऐकणं. कान तयार होतो, हात नाही.

'१०० टक्के प्लेसमेंट' वाल्यांबद्दल. मी स्वतः एका ठिकाणी जाऊन बसलो होतो. काउन्सेलर बाई गोड बोलत होत्या, 'सर आत्ता काहीच भरू नका, नोकरी लागल्यावर हप्ते.' कागद वाचला तर ते माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, हप्ता तिसऱ्या महिन्यापासून, नोकरी लागो न लागो. आणि प्लेसमेंटची व्याख्या काय, तर तीन इंटरव्ह्यूंची संधी. शिवाय सांगितलेल्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा: कर्ज कुणाच्या नावावर, मध्ये सोडलं तर हप्ते थांबतात का, आणि मागच्या बॅचमधल्या कुठल्याही दोन मुलांशी माझ्या पसंतीने बोलता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला आवाज बदलतो.

एमएस-सीआयटी झालंय म्हणजे प्रोग्रामिंग येतं असं नाही, हेही सांगून ठेवतो, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा कोर्स नावाजलेला आहे पण त्याच्या प्रवेशालाच इंजिनीअरिंग, एमसीए किंवा ठराविक विषयांची एमएस्सी लागते, नुसत्या बीएवर होत नाही.

८. माझ्याकडे फक्त विशारद आहे, कॉलेजची पदवी नाही. चालेल?

संगीताच्या जगात विशारदला मान आहे, पण कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पदवीच्या यादीत 'विशारद' हा पर्यायच नसतो, आणि तो फॉर्म पुढे गेला नाही तर माणूस तुम्हाला बघणारच नाही. लहान कंपनी पदवीशिवाय घेते, मी बघितलंय, पण पुढची नोकरी बदलताना परत तिथेच अडतं. त्यामुळे पदवी समांतर सुरू करून ठेवा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नूचा बीसीए आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस आहे, २०२० ला सुरू झाली, जेईई लागत नाही, वयाची अट नाही, चार आठवडे शिकवून पात्रता परीक्षा घेतात. ती सोपी मात्र अजिबात नाही, दोन ओळखीचे गायक पहिल्याच टर्मला गळाले, एक ढोलकीवाला अजून टिकून आहे.

पदवी आहे पण बीए म्युझिक आहे, असं असेल तर एमसीएचा विचार करू शकता, आता दोन वर्षांचा असतो, सीईटी द्यावी लागते. गणिताची अट काय आहे ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा.

९. कार्यक्रम सांभाळून रोज किती तास आणि किती महिने?

माझं दीड वर्ष गेलं. रोज सकाळी ६ ते ९, ही माझी रियाजाचीच वेळ होती, तीच वापरली. रात्री कार्यक्रम करून साडेबाराला घरी येऊन कोड लिहायचा प्रयत्न दोन आठवडे केला आणि सोडला, त्या वेळी डोक्यात अजून शेवटची भैरवीच चालू असते.

आपलं वर्ष कसं जातं ते बघून आखा. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि मग थंडीतले महोत्सव या काळात नवीन काही शिकायचं ठरवू नका, जे येतंय ते रोज अर्धा तास फिरवा. नवीन विषय मे अखेर ते आषाढीच्या कार्यक्रमांपर्यंत, आणि पितृपक्षाचे पंधरा दिवस. मी एसक्यूएल एका पितृपक्षात शिकलो. घरी म्हणायचे यंदा पितर डेटाबेसात जेवणार.

१०. सुरुवातीला पगार किती मिळतो? हाताशी किती पैसे हवेत?

फ्रेशरचा आकडा बऱ्याच ठिकाणी वर्षाला साडेतीन लाखाच्या आसपास, आणि तो गेली दहा-बारा वर्षं फारसा हललेला नाही. मला ३ लाख ६० हजार मिळाले, हातात महिन्याला २७ हजार. खोटं कशाला बोलू, २०१९ च्या दिवाळीच्या महिन्यात मी तबल्यावर यापेक्षा जास्त कमावलंय. पण हे २७ जूनमध्येही येतात आणि पितृपक्षातही येतात, पीएफ कापला जातो, आणि ऑफिसच्या विम्यात आईला घेता आलं. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळला.

हाताशी निदान आठ महिन्यांचा घरखर्च ठेवा. नोकरी शोधायलाच मला पाच महिने लागले. आणि शिकवण्या शेवटपर्यंत बंद करू नका, माझी चौदा पोरं होती, त्यांच्या फीवर घरभाडं निघायचं. कार्यक्रम कमी केले तरी चालतात, शिकवणी नाही.

११. रेझ्युमेत अकरा वर्षांचा तबला लिहायचा की लपवायचा?

लिहायचा, पण एका परिच्छेदात. 'व्यावसायिक तबलावादक, २००९ ते २०२०, वर्षाला अंदाजे ९० कार्यक्रम, १४ विद्यार्थी' एवढं बास. पुरस्कार, मान्यवरांची नावं, फोटो काही नको. वर प्रोजेक्ट आले पाहिजेत. त्यातही सगळ्या जगाने केलेला टू-डू लिस्टचा प्रोजेक्ट नको. मी आमच्या कथक क्लाससाठी फी आणि हजेरीचं ॲप केलं होतं, क्लासच्या ताई ते खरोखर वापरत होत्या, आणि इंटरव्ह्यूत पंधरा मिनिटं फक्त त्यावरच बोललो. एका मुलीने दोनदा फी भरली तर काय होतं, सुट्टीच्या दिवशी हजेरी लागली तर काय, असे प्रश्न. खरं माणूस वापरतं तेव्हाच असल्या गोष्टी कळतात.

आता पुराव्याचं. नोकरी लागताना बॅकग्राउंड चेक होतो आणि आपल्याकडे रिलीव्हिंग लेटर नसतं. इन्कम टॅक्स रिटर्न भरत असाल तर ते सगळ्यात भक्कम. ज्या आयोजकांनी मानधनातून टीडीएस कापला ते तुमच्या २६एएस मध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सची सरकारी नोंद) दिसतं. बँक स्टेटमेंट, कार्यक्रम पत्रिका, क्लासचं पत्र हे नंतर. सगळं रोखीत घेतलं असेल आणि रिटर्न कधीच भरलं नसेल तर निदान या वर्षीपासून भरायला लागा.

१२. एक कन्सल्टन्सी तीन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर देते म्हणतेय, घेऊ का?

नाही. हा प्रश्न पुण्यातून फार येतो. पीएफचा यूएएन नंबर असतो, त्यात तुम्ही कुठे कधी कामाला होतात त्याची नोंद असते, आणि तुमच्या नावावर ती तीन वर्षं नसतील तर कागद कितीही गुळगुळीत असो, पकडलं जातं. लगेच नाही पकडलं तर दोन वर्षांनी पुढच्या नोकरीत. आणि तीन वर्षांचा अनुभव म्हणून बसवल्यावर तसंच काम अंगावर येतं. विलंबित न शिकता थेट अतिद्रुत वाजवायला बसल्यासारखं होतं ते, दुसऱ्याच आवर्तनात उघडे पडाल.

१३. गुरुजींना आणि घरच्यांना कसं सांगितलंत?

घरच्यांना सांगणं सोपं गेलं, सासऱ्यांना तर पेढेच वाटायचे बाकी होते. गुरुजींना सांगायला मी आठ महिने लावले आणि तोपर्यंत त्यांना दुसऱ्याकडून कळलं होतं. ही माझी चूक, तुम्ही करू नका.

गेलो, पाया पडलो, सांगितलं. ते तबला सुरात लावत होते, हातोडी खाली ठेवली नाही. ठक ठक चालूच. मग म्हणाले, "शनिवारची पोरं कोण बघणार?" मी म्हटलं शनिवार मला सुट्टी असते, मीच बघणार. "मग ठीक आहे. चहा घे." एवढंच झालं. मी रिक्षात बसून रडलो हे वेगळं.

ज्यांचे गुरू रागावतील त्यांनी रागावून घ्यावं. त्यांनी वीस वर्षं दिलेली असतात, त्यांना तेवढा हक्क आहे. पण मेसेजवर कळवू नका, समोर जा.

१४. संगीत आणि प्रोग्रामिंग दोन्ही जुळेल असं काही नाही का?

आहे, पण नोकऱ्या थोड्या आणि वाट लांब. ऑडिओ प्लगइन बनवायचे तर सी प्लस प्लस, ज्यूस नावाचं फ्रेमवर्क, आणि सिग्नल प्रोसेसिंगचं गणित. संशोधनात रस असेल तर बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातला कॉम्पम्युझिक प्रकल्प वाचा, २०११ ते २०१७ चालला, त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर संगणकाने बरंच काम झालं, आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव यांचा गटही त्यात होता. तिथे ज्याला ताल कळतो अशा माणसाची खरी गरज असते.

नुसती मजा हवी असेल तर सोनिक पाय डाउनलोड करा, फुकट आहे, कोड लिहिला की आवाज येतो. मी रूपक ताल लावायला गेलो आणि त्यात 'खाली'च्या (टाळी न वाजवायच्या) मात्रेवर येणारी सम दाखवायची कशी यात एक रविवार घालवला. पोटापाण्याचं मात्र आधी साधं काम धरा, हे नंतर.

१५. नोकरी लागल्यावर कार्यक्रम करता येतात का?

ऑफर लेटर नीट वाचा. बहुतेकांत 'कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरं कुठलंही मोबदल्याचं काम करणार नाही' असं कलम असतं. संगीताला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण तोंडी 'हो हो करा' वर राहू नका, एचआरला ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या. मी जॉइन व्हायच्या आधीच घेतलं. लपवून करू म्हणाल तर आयोजकाने टीडीएस कापला की नोंद होतेच.

आणि रिटर्न भरताना, पगार अधिक कार्यक्रमाचं मानधन असेल तर आयटीआर-१ चालत नाही, तीन किंवा चार नंबरचा लागतो. सीएला स्पष्ट सांगा, तो पगार बघून सवयीने एक नंबरचा भरून टाकतो.

वेळेचं म्हणाल तर मी वर्षाला वीस-बावीस कार्यक्रम करतो, शनिवार-रविवारचे आणि दिवाळी पहाट. दिवाळी पहाटेला सुट्टीसाठी भांडावं लागत नाही हे फार बरं आहे.

१६. हात जातो का?

जातो. द्रुतचा वेग पहिल्या सहा महिन्यांत उतरला, धिरधिर आता पूर्वीसारखी सुटत नाही आणि सुटणारही नाही. ठेक्याचं वजन मात्र राहिलं, काही गायक तर म्हणतात आता तू जास्त ऐकून वाजवतोस. असेल, किंवा घाई उरली नसेल.

उलट त्रास वेगळाच झाला. आयुष्यभर मांडी घालून बसलेला माणूस आठ तास खुर्चीवर बसला की कंबर धरते. आणि मनगट. लॅपटॉपवर मनगट टेकवून टाइप केल्याने तिसऱ्या महिन्यात डावं मनगट दुखायला लागलं, डग्ग्याची मींड काढताना कळ यायची. वेगळा कीबोर्ड घ्या, मनगट अधांतरी ठेवा, हे पहिल्या पगारातच करा.

१७. आता एआय कोड लिहितोय, मग हे शिकण्यात अर्थ काय?

मी यंत्रामुळे एकदा आधीच बाजूला झालोय (प्रश्न १), त्यामुळे 'काही होत नाही' असं म्हणणारा मी नाही. २०२१-२२ ला भरती जोरात होती, २०२३ पासून फ्रेशरसाठी हात आखडलाय, आणि जे साधं काम नवख्याला द्यायचे ते आता एआयकडून करून घेतात. मी आज सुरू केलं असतं तर दीड वर्षाऐवजी अडीच धरली असती आणि शिकवण्या आणखी घट्ट धरून ठेवल्या असत्या.

पण मी रोज एआय वापरतो, आणि तो ठणकावून सोळाची तिहाई देतो (प्रश्न ५). धा एक मात्रा आधी पडलाय हे ज्याला कळतं त्याला काम आहे. शिकताना मात्र पहिले सहा महिने त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नका, चूक झाल्यावर समजावून घ्यायला वापरा.

१८. सहा महिने झाले, अजिबात आवडत नाहीये. सोडू?

सोडा की. आवडत नाही आणि जमत नाही यात फरक करा एवढंच. अडलेलं असताना सगळ्यांनाच आवडत नाही. एखादं काम पूर्ण झाल्यावरही आनंद झाला नाही असं तीन-चारदा झालं तर हे तुमचं नव्हे. कार्यक्रमांचं नियोजन, साउंड, शाळेत संगीत शिक्षक, व्हिडिओ एडिटिंग, पुष्कळ आहे. माझ्याबरोबर सुरू केलेला एक बासरीवाला आता लाइव्ह साउंड करतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो, वर मला स्टेजवर मॉनिटर (स्वतःचं वाजवणं ऐकू येणारा स्पीकर) चांगला देतो.

१९. लॅपटॉपसाठी तबला विकू का?

अरे नका रे. विकून येतात किती? चांगलं शिसवाचं खोड आणि तांब्याचा डग्गा घेताना जीव जातो, विकताना समोरचा जुन्या भांड्याचा भाव करतो. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप सुरुवातीला पुरतो, १६ असेल तर उत्तम. घरी रेकॉर्डिंग करत असाल तर तुमच्याकडचा बहुतेक चालेलच. जास्तीच्या जोड्या असतील तर एखादी विद्यार्थ्याला द्या, एक चांगली स्वतःकडे ठेवा.

आणि ती कपाटात कोंबू नका. पावसाळ्यात पुडी ओल धरते, शाईला तडे जातात, आणि दिवाळीच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे एवढी गर्दी असते की तो तुमच्याकडे बघतही नाही. बाहेर ठेवा, आठवड्यातून दोनदा तरी हात फिरवा, आणि पुडी बदलायची असेल तर श्रावणातच टाकून या.